गणंग

मटकी भिजवून, उपसून, फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी छान मोड येतात. पण चार-दोन दाणे तसेच राहतात. टणक, चकचकीत, पाण्याचा थेंबही न प्यायलेले. उसळीत नेमका तोच दाणा दाताखाली येतो आणि जेवणारा कळवळतो. माझी आजी मोड आलेली मटकी ताटात पसरून एकेक गणंग हुडकायची आणि "मेला गणंग" म्हणत मागीलदारी परसात भिरकावायची. पावसाळ्यात त्याच परसात, कोणी पेरलेले नसताना, मटकीचे वेल दिसायचे. ते कुठून आले असा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. तो पडला चौतिसाव्या वर्षी, वेल्समधल्या एका नर्सरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, समोर बियांचा ट्रे आणि ट्रेमध्ये सहा आठवडे जवळजवळ काहीच न उगवल्यामुळे आलेली शरम अशा अवस्थेत.

मी मूळची गुहागरकडची. दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागोमाग पेंब्रोकशरला आले. वेल्सच्या नैऋत्य टोकाचा हा भाग, तीन बाजूंना समुद्र. घरी बसून जीव रमेना म्हणून जवळच्या एका छोट्या नर्सरीत कामाला लागले. पदवी दापोलीची, अनुभव आंब्या-काजूच्या कलमांचा, आणि काम काय, तर कुंड्या धुण्याचं. दोन वर्षांनी मालकांनी बियांपासून रोपं करायचा विभाग माझ्याकडे दिला. मालक सत्तरीचे, बोलणं मोजकं, टोपी कधीही न काढणारे.

गॉर्स मी आल्या वर्षीच पाहिलं होतं. न पाहून सांगता कोणाला? कड्यांवर, रस्त्याच्या कडेला, पडीक कुरणांत, जिकडे बघावं तिकडे हे झुडूप. हिरव्या काट्यांचा नुसता गठ्ठा, पान असं काही नाहीच, आणि त्यावर हळदीकुंकवातल्या हळदीच्या रंगाची फुलं. वाटाण्याच्या फुलासारखा आकार, कारण कूळही तेच, शेंगांचं. इथल्या लोकांच्या वेल्श भाषेत याला 'ऐथिन' म्हणतात. फेब्रुवारीच्या करड्या, ओल्या दिवसांतही चार फुलं असतातच, आणि एप्रिलमध्ये तर अख्खा कडा पेटल्यासारखा पिवळा होतो.

त्या पहिल्या एप्रिलमध्ये किनाऱ्याच्या पायवाटेवरून चालत होते. ऊन पडलं होतं, जे इथे बातमीसारखं असतं. वाट एका वळणावर गॉर्सच्या दोन भिंतींमधून गेली आणि मी जागीच थांबले. खोबऱ्याचा वास! ओल्या नारळाचा नव्हे. नारळाच्या वड्यांसाठी कढईत चव परतताना, साखर विरघळायच्या जरा आधी येतो, तो. इकडे तिकडे बघितलं. समुद्र, मेंढ्या आणि मी. वास फुलांचा होता. थंडीत नाक खुपसलं तरी येत नाही, उन्हानं फूल तापलं की येतो. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी तिथेच नेऊन उभं केलं, त्याला ढिम्म काही आलं नाही. काहींना हा वास येतो, काहींना येतच नाही, असं पुढे नर्सरीतही दिसलं. घरी फोन केला तर वडील, आमचे आप्पा, म्हणाले, "अगो, परदेशात गेल्यावर सगळ्यांनाच नारळाचे वास येतात."

तर हे झाड मला नर्सरीत बियांपासून करायचं होतं, ते एका गिऱ्हाइकामुळे. सेंट डेव्हिड्सच्या पलीकडे, अगदी कड्याजवळ, एक निवृत्त जोडपं राहायला आलं होतं. त्यांच्या आवाराला जुना 'क्लाउद' होता. क्लाउद म्हणजे आपला गडगाच, फक्त दोन्ही अंगांना दगड आणि पोटात माती. वर झाडं लावता येतात. त्यांनी आधी एकदा बागेतली नेहमीची कुंपणाची झाडं लावली होती, ती खाऱ्या वाऱ्यानं एका हिवाळ्यात भाजून निघाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी बाईंच्या लक्षात आलं की शेजारच्या उघड्या कड्यावर एकच झाड मजेत आहे. तीस मीटर लांबीचा क्लाउद, साधारण दीड-दीड फुटांवर एक, म्हणजे सत्तर रोपं. मालकांनी ऑर्डर घेतली आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

मला ही ऑर्डर पोरखेळ वाटली. जे झाड डोंगरच्या डोंगर खातं, त्याची सत्तर रोपं करायची त्यात काय? आप्पांना फोनवर सांगितलं तर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे कोणी करवंदाची जाळी विकत लावून घ्यावी तसं. अगो, करवंद कोणी पेरतं काय?"

आप्पांचा प्रश्न बिनतोड होता. आमच्या आगराच्या वरच्या अंगाला गडगा आहे, त्याच्यावर करवंद, तोरण असं आपोआप वाढलेलं काटेरी काहीबाही आहे. त्यातून गुरं येत नाहीत. कोणी लावलं? कोणी नाही. पक्ष्यांनी.

पहिला धडा बी गोळा करतानाच मिळाला. जुलैच्या शेवटी गॉर्सच्या शेंगा काळ्या पडतात. बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर लव असलेल्या. तापलेल्या दुपारी त्या जाळीजवळ उभं राहिलं की चटचट आवाज येतो, तव्यावर मोहरी तडतडावी तसा. शेंगेची दोन फाकं पीळ खाऊन फुटतात आणि बी दोन-चार मीटर लांब उडतं. हात घालून तोडायला जावं तर शेंग बोटांतच फुटते आणि बी काट्यांच्या पोटात पडतं, जिथून ते काढणं केवळ अशक्य. चामडी हातमोजे घातले तरी काट्याचं टोक शिवणीतून शिरतं, मोडतं आणि आठवडाभर ठणकतं. शेवटी मी पिकत आलेल्या, पण न फुटलेल्या शेंगा कात्रीनं डहाळीसकट कापल्या आणि घरचा जुना उशीचा अभ्रा आणून त्यात भरल्या. अभ्रा शेडमध्ये खिळ्याला टांगला. दोन दिवस तो अभ्रा आतून टकटक वाजत होता.

अभ्रा उलटा केला तेव्हा बियांबरोबर बरंच काही बाहेर पडलं. करड्या रंगाचे, लांब सोंडेचे बारीक किडे, आपल्याकडच्या तांदळातल्या सोंडकिड्याच्या जातकुळीतले. शेंगेत अंडी घालायची, अळीनं आतल्या बिया खायच्या आणि शेंग फुटली की किड्यानं बाहेर पडायचं, असा यांचा हिशेब. जवळजवळ निम्म्या शेंगांत बी नव्हतंच, फक्त भुसा आणि किडे. मी चिडले. मालक म्हणाले, "चिडू नकोस. हा नसता तर आपण दोघं आत्ता गॉर्सच्या खाली गाडलेले असतो."

हाती लागलेलं बी मात्र देखणं. मुगापेक्षा लहान, शेवाळी-तपकिरी, तेलाचा हात फिरवल्यासारखं चकचकीत, आणि एका टोकाला पिवळसर मऊ टोपी. ती टोपी तेलकट असते. मुंग्या त्यासाठी बी वाहून नेतात, टोपी खातात आणि उरलेलं बी वारुळाच्या आसपास टाकून देतात. शेंगेनं उडवायचं, मुंगीनं न्यायचं. झाडानं दोन दोन हमाल ठेवलेत.

आता पेरणी. विद्यापीठात शिकवलेलं सगळं मी मनापासून केलं. उत्तम चाळलेलं कंपोस्ट, ट्रे, वरून बारीक थर, पॉलिहाऊसमधला ऊबदार कोपरा, रोज फवारणी. सहा आठवड्यांत तीनशे बियांतून अकरा रोपं वर आली. अकरा! आपलं बीच खराब असेल म्हणून एका दुकानातून पाकीट मागवलं, त्यातून चार. पाकिटावर 'सोपं, नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. ज्यानं ते लिहिलं त्यानं आयुष्यात गॉर्स पेरलं नव्हतं हे मी शपथेवर सांगते.

त्या दिवशी ट्रे उलटा करून मी माती बोटांनी चिवडली. बिया जशा पेरल्या तशाच होत्या. ना कुजलेल्या, ना फुगलेल्या. एक बी दातांखाली धरून बघितलं (या बिया विषारी आहेत, माझं बघून कोणी तसं करू नये) आणि दात कळवळला. आणि एकदम आजीचं ताट डोळ्यांसमोर आलं. गणंग! मटकीत चार-दोन असतात, इथे सगळेच्या सगळे गणंग होते. कूळ एकच की. शेंगवर्गातल्या कितीतरी बियांचं कवच असं पाणीबंद असतं. आपण हजारो वर्षं निवडून निवडून मटकी-मुगातून तो गुण जवळजवळ घालवला, चुकूनमाकून राहिला त्याला शिवी देतो. रानातल्या झाडाला मात्र तोच तर हवा असतो. सगळं बी एकाच पावसात उगवलं आणि त्या वर्षी दुष्काळ पडला, की वंश संपला. म्हणून यातलं थोडं यंदा उगवणार, थोडं पाच वर्षांनी, थोडं तीस वर्षांनी. गॉर्सचं बी मातीत तीस वर्षांहून अधिक जिवंत राहतं. करवंदाचं याच्या अगदी उलट आहे. फळातून काढलेलं बी लगेच पेरलं तर उगवतं, ठेवलं तर गेलं.

मग मी आजीच्या पद्धतीनं कामाला लागले. पातेल्यात पाणी उकळलं, आचेवरून उतरवलं, बी त्यात टाकलं आणि झाकण ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच ठेवलं. सकाळी बघते तर निम्म्याहून जास्त बिया दुप्पट फुगलेल्या. त्या वेचून पेरल्या. न फुगलेल्या पुन्हा उकळत्या पाण्यात. तिसऱ्या खेपेलाही जे हटले नाहीत ते दोन सॅंडपेपरांमध्ये घासले, जात्यावर डाळ भरडताना हात हलका ठेवतात तितपतच. मालक दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "डोंगरावर हे काम आग करते." ते खरंच आहे. वसंतात इथल्या टेकड्यांवर गॉर्सला आगी लागतात. सगळं काळं होतं, आणि पुढच्या वर्षी त्या राखेतून रोपं इतकी दाट येतात की पाय ठेवायला जागा नाही. कवचाला तडा द्यायला थोडी धग पुरते.

या खेपेला रोपं आली आणि मी हरखले. कारण पहिली पानं काट्यांची नव्हतीच. मेथीसारखी! तीन-तीन पर्णिकांची, मऊ, लवदार, खुडून भाजी करावी अशी. जन्मतः हे झाड इतरांसारखंच असतं. महिन्या-दोन महिन्यांत पानं बारीक होत जातात, टोकदार होतात, आणि मग फांदीचं टोकच काटा बनतं. मी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन ट्रेसमोर उभी राहायचे. इतकी गोजिरवाणी रोपं मी मारली कशी हे आता सांगायला हवं.

मायेनं मारली. पॉलिहाऊसची ऊब, सकस कंपोस्ट, वेळच्या वेळी पाणी. रोपं भराभर उंच झाली, पण लुळी, फिकट, काट्यांचं नाव नाही. सावलीत आणि दमटात गॉर्स तसं पानाळ राहतं. मग बुरशी आली आणि रातोरात निम्मी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. उरलेली मी ट्रेमधून काढून कुंड्यांत लावायला गेले. रोप बोटभर आणि सोटमूळ वीतभर! ट्रेच्या भोकांतून खाली, खालच्या चटईत घुसलेलं. उपटताना बहुतेकांची मुळं तुटली. ज्यांची तुटली ती आठवड्यात गेली. सत्तरांच्या ऑर्डरीतली माझ्याकडे नऊ उरली, तीही पिवळट.

त्या हंगामात न्यूझीलंडहून आलेला एक मुलगा आमच्याकडे काम करत होता, जग फिरायला निघालेला. मी झारीनं त्या नऊ रोपांना पाणी घालतेय हे त्यानं पाहिलं, जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे गॉर्स आहे?" हो म्हटलं. त्यानं फोन काढून माझा फोटो घेतला. "घरी पाठवतो. बाबांना विश्वास नाही बसायचा. त्यांचं अर्धं आयुष्य हे मारण्यात गेलंय."

त्याच्याकडून ऐकल्यावर मी पुढे वाचत गेले. कुंपणानंच शेत खाल्लं, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. न्यूझीलंडमध्ये ती शब्दशः घडली. इंग्लंडातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी मेंढ्या अडवायला गॉर्स नेलं. चार्ल्स डार्विन डिसेंबर 1835 मध्ये बीगल जहाजावरून तिथे उतरला तेव्हा वाइमाटेच्या मिशनच्या बागेत त्यानं इंग्लंडची भाजी, फळं पाहिली आणि त्या यादीत कुंपणासाठी लावलेल्या गॉर्सचीही नोंद केली. यादीत ते किती निरुपद्रवी वाटतं! तिथली हवा इथल्यापेक्षा मानवली, वर्षातून दोनदा फुलायला लागलं, आणि कुंपण कुरणात उतरलं. माझ्या अभ्र्यात निघाला तोच सोंडकिडा 1931 मध्ये मुद्दाम तिकडे नेऊन सोडला. पण किडा वसंतातल्या शेंगा खातो, दुसऱ्या बहराच्या शेंगा सुटतात, आणि उरलेलं बी जमिनीत पुढच्या पिढीची वाट बघतं. सगळे गणंग.

अमेरिकेतल्या ओरेगन किनाऱ्यावरचं बँडन गाव तर याच्यामुळे जळालं. आयर्लंडहून आलेल्या एका संस्थापकानं मायदेशाची आठवण म्हणून तिथे गॉर्स लावलं होतं; 26 सप्टेंबर 1936 ला जंगलातली आग त्या गॉर्सला लागली आणि जवळजवळ सगळं गाव बेचिराख झालं. या झाडात तेल असतं आणि पोटात वाळलेल्या काट्यांचं सरपण. हे वाचल्यावर मी आमच्या गिऱ्हाइकांच्या घरी टेप घेऊन गेले आणि क्लाउदपासून घर किती लांब आहे ते मोजूनच आले. पंचवीस मीटरच्या वर भरलं. त्याच्या निम्मं असतं तर मी ऑर्डर परत केली असती, मालक काहीही म्हणोत.

मालक काही म्हणाले नाहीत. उलट त्या दिवशी पहिल्यांदा ते घडाघडा बोलले. त्यांचे आजोबा गॉर्स पेरायचे. शेतात, ओळीनं, बी विकत आणून! हिवाळ्यात कोवळे शेंडे कापून, ठेचून घोड्यांना घालायचे. काटे चिरडले की हा चारा घोडे आवडीनं खातात. ठेचायला पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात उत्तर वेल्समधल्या डॉल्वेन गावची तशी एक गिरणी उभी करून ठेवली आहे. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिली. जाडे भाग भाकरीच्या भट्टीत जायचे, कारण आच झटक्यात चढते. मग घोडे गेले, ट्रॅक्टर आले, कोळसा आला. "आजोबांनी पेरलं, वडलांनी जाळलं," मालक म्हणाले, "आणि तू कुंडीत घालून विकायला निघालीस." त्यांचं ते पहिल्या दिवशीचं हसणं मला आत्ता कळलं.

दुसऱ्या वर्षी मी शिकलेलं बरंच बाजूला ठेवलं. बी उकळत्या पाण्यातून काढून थेट उभ्या, नळीसारख्या खोल कुंड्यांत पेरलं, एकेकीत दोन. पुन्हा जागा हलवायची नाही. मिश्रणात निम्मी बारीक खडी, खत शून्य. कुंड्या पॉलिहाऊसच्या बाहेर, वाऱ्यात. आणि एक गोष्ट मालकांनी सुचवली. कड्यावरच्या जुन्या गॉर्सखालची बादलीभर माती आणून प्रत्येक कुंडीत चमचाभर घातली. चाचणी म्हणून दहा कुंड्या तशाच ठेवल्या. सहा-सात आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसला. चमचाभर माती मिळालेली रोपं गर्द हिरवी, बाकीची दहा आजाऱ्यासारखी पिवळी. एक हिरवं रोप बळी देऊन मूळ धुतलं, तर भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा गाठी. नखानं फोडली तर आतून गुलाबी. हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू त्या चमचाभर मातीतून आले होते. माझ्या स्वच्छ, महागड्या कंपोस्टमध्ये ते असणारच नव्हते. दापोलीला भुईमुगाच्या बियाण्याला जिवाणूखत चोळताना हेच तर शिकले होते. पण परदेशात आलं की आपल्याला येतं तेही येत नाही असं वाटायला लागतं, तसं माझं झालं होतं.

ऑक्टोबरमध्ये ऐंशी रोपं गाडीत घालून नेली. प्रत्येक जेमतेम वीतभर. बाईंचा चेहरा पडला. त्यांना दोन वर्षं थांबल्यावर निदान गुडघ्याएवढं कुंपण अपेक्षित होतं. मोठं रोप का नको हे मी त्यांना तुटक्या सोटमुळाची गोष्ट सांगून समजावलं. क्लाउदच्या पाठीवर पहारीनं भोक पाडायचं, नळी उलटी करून मातीची कांडी जशीच्या तशी आत सोडायची, टाचेनं दाबायचं. पाणी एकदा. दीड दिवसात काम झालं. पहिल्याच आठवड्यात सशांनी बावीस रोपं कुरतडली. कोवळ्या गॉर्सला काटे असले तरी ते सशाला पुरत नाहीत. जाळ्या लावल्या, जादा नेलेली रोपं भरली, कमी पडली ती पुढच्या वर्षी. त्या हिवाळ्यात समुद्राचं पाणी कड्यावरून उडून अंगणात पडेल अशी वादळं झाली. मी काळजीनं बघायला गेले. रोपं होती तशी होती. माझ्या कपाळावरची टिकली तेवढी उडाली.

तिसऱ्या वसंतात फुलं आली. बाईंनी फोन करून सांगितलं, आणि अडखळत विचारलं की वास मला नारळाचा येतो का. त्यांना येत होता.

मग छाटणीचा पेच आला. गॉर्स छाटलं नाही तर बुडाशी उघडं पडतं, वर छत्री आणि खाली नुसत्या वाळक्या काड्या. कुंपण म्हणून मग त्याचा उपयोग मेंढीलाच, आत शिरायला. छाटायचं ते बहर ओसरल्यावर, मे-जूनमध्ये, असं सगळे सांगतात. पण नेमका त्याच वेळी त्यात गप्पीदास घरटं करतो. आपल्याकडे हिवाळ्यात माळावर दिसतो त्याचाच भाऊबंद; दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज काढत शेंड्यावर बसलेला असतो. लिनेट नावाचा एक चिमणीएवढा पक्षीही येतो. वापरात असलेलं घरटं मोडणं हा इथे 1981 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माझा हात धजला नसता. तेव्हा आम्ही छाटणी सप्टेंबरवर नेली. त्यामुळे पुढच्या वसंताच्या कळ्या थोड्या कापल्या जातात, बहर कमी येतो. बाईंना फुलं हवी होती, त्यांच्या यजमानांना पक्षी. यजमान जिंकले. म्हणजे एका वर्षी एका बाजूनं छाटायचं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या, अशी तडजोड निघाली. आता सहावं वर्ष आहे. कुंपण माझ्या खांद्याला लागतं आणि त्यातून मांजरही जात नाही.

माझं मत कोणी विचारलं तर मी सांगते: जिथलं आहे तिथे, खडकाळ जमिनीवर, खाऱ्या वाऱ्यात, घरापासून लांब, याच्यासारखं कुंपण नाही. छोट्या बागेत ज्यांना फक्त फुलं हवीत त्यांनी दुहेरी पाकळ्यांची, बी न धरणारी जात घ्यावी. ती फाट्यांपासून होते, पसरत नाही. आणि जिथलं नाही तिथे एक बीसुद्धा नेऊ नये. न्यूझीलंडमध्ये बँक्स द्वीपकल्पावर ह्यू विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1987 पासून हिनेवाई नावाच्या राखीव रानात गॉर्सला हात न लावता तसंच वाढू दिलं. त्याच्या सावलीत तिथली मूळची झाडं रुजली, वर गेली आणि उन्हावाचून गॉर्स मेलं. शेजारच्या शेतकऱ्यांनी आधी त्याला वेड्यात काढलं होतं. ही गोष्ट मला फार आवडते, पण एवढा धीर धरायला रान लागतं, आणि ते राखणारा माणूस लागतो.

गेल्या वर्षी गावी जायच्या आधी आप्पांनी फोनवर सांगितलं, "गडगा दोन ठिकाणी ढासळलाय. तुझ्या त्या नारळाच्या वासाच्या काटेरीचं मूठभर बी आण गो. बघू या वरच्या अंगाला." मी नाही म्हटलं. बाहेरून बी आणायला परवाना लागतो, हे एक. आणि कोकणातल्या उकाड्यात ते तगेल असं मला वाटत नाही, हे दुसरं. आप्पा म्हणाले, "तगणार नाही तर भिऊन काय करतेस?" मी म्हटलं, "आप्पा, घाणेरी आठवते का?" ते हसले. आमच्या गडग्याच्या खालच्या अंगाला घाणेरी काढता काढता त्यांचे गुडघे गेले. तीही एके काळी बागेची शोभा म्हणून, कुंपण म्हणूनच देशात आली होती.

खरी गोष्ट मी त्यांना गावी गेल्यावर दाखवली. दापोलीला असताना आमची सहल उटीला गेली होती. त्या वेळचा एक फोटो आहे, सात मैत्रिणी पिवळ्या झुडपासमोर उभ्या, एकीनं फांदी तोडून केसांत खोचलेली. तेव्हा आम्हाला ते उटीचं रानफूल वाटलं होतं. आता फोटो मोठा करून पाहिला. काटे स्पष्ट दिसतात. इंग्रजांनी निलगिरीत आणून लावलेलं गॉर्स तिथल्या उंचावरच्या गवताळ माळांत पसरलंय. जिथे तोडा लोकांच्या म्हशी चरायच्या, जिथल्यासारखं गवत आणि शोला रान फार थोड्या ठिकाणी मिळतं, तिथे. माझ्या मैत्रिणीच्या केसांतून ते किती लांब गेलं असेल कोण जाणे. सुदैवानं फांदीला फुलं होती, शेंगा नव्हत्या.

आप्पांनी ढासळलेल्या गडग्यावर या पावसात ताज्या करवंदांच्या बिया टोचल्या. बत्तीस उगवल्यात.

तुम्ही उटीला जाणार असाल तर त्या पिवळ्या काटेरी झुडपापाशी फोटो जरूर काढा, ऊन असेल तर वासही घेऊन बघा. शेंगांना मात्र हात लावू नका, आणि गाडीत बसायच्या आधी बुटांचे तळवे तिथेच झटका.